काहीच दाबलेलं नसताना

सेंगा डफी दुकानात आली तेव्हा टे नदीवरून आडवा वारा सुटला होता
आणि तिच्या हातात मासळीवाल्याची निळी पिशवी.
पिशवीत टॉवेलात गुंडाळलेले दोन कॉम्प्युटर,
दोन्ही काळे, रबरी बटणांचे, वहीएवढे.

'एक थोरल्याचा, एक धाकट्याचा. सारखेच आहेत.
कॅसेटसुद्धा एकच. थोरल्याच्यावर गेम नीट चालतो.
धाकट्याच्यावर आपोआप पळत सुटतो,
कुणी बोटही लावलेलं नसताना.'

मी स्क्रू काढले.
थोरल्याची बटणं फिकट राखाडी, पहिल्या खेपेची.
आत मोठ्या चिपजवळ एक छोटी चिप
पाठीवर पडलेली, पाय वर,
पायांना तारा ओढलेल्या.
मेलेलं झुरळ म्हणतात याला.
बोर्ड छापून झाले, मग चूक कळली,
मग चुकीच्या पाठीवर हे डकवलं.

सेंगा वाकली. चष्मा कपाळावर.
'हे आम्ही लावायचो.
घड्याळं खपेनाशी झाली, म्हणून हे काम आलं डंडीला.
घड्याळाचे हात होते आमचे, थरथरायचे नाहीत.
उलटं चिकटवा म्हणाले, तर पोरी माझ्याकडे बघून हसल्या.
आजी आग्नेस, आणि मी तीच अक्षरं शेवटाकडून.
मीच काय ती कारखान्यातली उलटी चिप.'

धाकट्याच्या पोटात झुरळ नाही.
वर्षभरानंतरचा बोर्ड, कोपऱ्यात तीनचा आकडा,
सगळं आवरून-सावरून, तापणंही कमी.
पण रॉम तीच. सोळा किलोबाइट, काना-मात्रेचा फरक नाही.
एके जागी 'शून्य असेल तर उडी मार' हवं होतं,
तिथं 'शून्य नसेल तर' पडलंय.
तेही दोघांत जसंच्या तसं.
चूक वारसाहक्कानं बिनतक्रार मिळते,
हे मला नवीन नव्हतं.

मग फरक कुठं?
मी दोघांनाही एकच प्रश्न टाकला:
कुणी काही दाबलंय का?
थोरला म्हणाला, दोनशे पंचावन्न.
धाकटा म्हणाला, एकशे एक्याण्णव.
अर्थ दोन्हींचा एकच. नाही.
मधले चौसष्ट बटणांचे नव्हतेच,
ते कॅसेटच्या वायरीचं बिट, रिकामं असताना
एकात वर राहतं, दुसऱ्यात खाली.
गेम लिहिणाऱ्या पोराकडे जुनं यंत्र असणार.
त्यानं लिहून टाकलं:
दोनशे पंचावन्न नसेल, तर कुणीतरी काहीतरी म्हणतंय.

हे सांगताना मला वाटलं ती कंटाळली.
ती खिडकीबाहेर बघत होती.
'त्र्याण्णवला,' ती म्हणाली, 'थोरला बसमधून आत जायचा.
जाळी लावलेली बस. धाकटा माझ्यासोबत फाटकावर,
पिंपात फळ्या जाळत.
अजून नाताळला दोघेही येतात. बटाटे पुढे सरकवतात. गप्प.
मी समजत होते, एकसारखेच गप्प आहेत.'

मी काही बोललो नाही.
दुरुस्तीचं दुकान आहे माझं, तेवढंच.
गेममध्ये दोन बाइटांची जागा शोधली
आणि लिहिलं: खालची पाच बिटं तेवढी ऐक,
वरची सोडून दे.
मग दोन्ही यंत्रं टीव्हीसमोर शांत बसली,
पडद्यावरचा खाणकामगार हुकुमाची वाट बघत.

'किती झाले?'
'बारा पौंड.'
तिनं नाणी मोजून ठेवली, पण झाकण लावू देईना.
करंगळीनं झुरळाच्या एका पायाला हलकेच ढकलून पाहिलं.
'डाख पक्का आहे अजून,' मी म्हणालो.
'असणारच,' सेंगा म्हणाली,
आणि टॉवेलाची घडी
दोघांच्या मधे नीट बसवली.