टपाली

नगरपालिकेचं मत मोहप्यात, ड्यूटी उमरेडला.
मधे अख्खं नागपूर, दोन एसट्या,
मोरभवनापासून गणेशपेठेपर्यंत पायी,
आणि एक नियम :
मतदानाच्या दिवशी ज्याला सरकारनं दुसरीकडे नेलं
तो गैरहजर असूनही हजर धरावा.
पोटानं नेलं असेल, तर धरू नये.

(हे शेवटचं नियमात असं लिहिलेलं नाही.
प्रशिक्षणात मी उभी राहून विचारलं
तेव्हा नाकाडे साहेब पंख्याकडे बघत म्हणाले,
"मॅडम, चहा घ्या.")

पाकिटं दोन. लहानात मतपत्रिका.
मोठ्यात ते लहान, आणि घोषणापत्र.
घोषणापत्र लहानात गेलं, बाद.
सही राहिली, बाद.
मोजणी सुरू झाल्यावर पोचलं तर
उघडतही नाहीत, गठ्ठ्यात बांधून ठेवतात.

आणि मी मीच आहे हे सांगायला
राजपत्रित अधिकारी हवा.
मोहप्यात रविवारी राजपत्रित म्हणजे
गुरांचे डॉक्टर ठवकर.
ते कोपरापर्यंत म्हशीत होते.
"थांबा दोन मिनिटं, आडवं हाय का पाहतो."
मी गोठ्याच्या दारात, पाकीट ओढणीत.
त्यांनी साबणानं हात धुतले, शर्टाला पुसले,
माझ्याकडे पाहिलं, आधारकडे पाहिलं,
परत माझ्याकडे.
म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला, आकडे बारा.
माझेही बाराच.
सदर मतदाराने माझ्यासमक्ष सही केली.
म्हैसही समक्षच होती.
कागदाच्या कोपऱ्यावर त्यांचा ओला अंगठा उमटला.

मतदानाला उमरेडच्या शाळेत
मी शाईवाली मॅडम.
डावी तर्जनी, डावी तर्जनी,
हळदीची, विडीनं पिवळी पडलेली, मेंदीची.
एकाची नव्हतीच, खाणीत गेलेली.
नियम त्यालाही आहे : पुढचं बोट.

तीन वाजता झनकलाल उईके आला,
करीमनगरच्या वीटभट्टीवरून, रात्रभर उभ्यानं.
त्याच्या नावापुढे खूण.
गैरहजर, स्थलांतरित, मयत,
तिघांची मिळून एकच यादी असते.
"यातलं मी कोनतं?"
केंद्राध्यक्षांनी बोट फिरवत शोधलं. स्थलांतरित.
"बरं झालं," तो हसला, "मले वाटलं तिसरं."
मग ओळखपत्र, जबाब, अंगठा, पुन्हा अंगठा.
मागे रांग कुरकुरत होती.
शाई धरेना त्याच्या नखावर,
विटेचा रंग आधीच होता. दोनदा लावली.

घरी पोचले तर बारा वाजून गेलेले.
सासूबाई जाग्याच.
दिव्याखाली त्यांनी माझा हात धरला, बोट उलटंपालटं केलं.
"टाकलं नाही वाटते तुनं?"
टाकलं.
"मंग दाखव."

मोहपा, प्रभाग चार.
टपाली अकरा, वैध सात, बाद चार.
शिलाई मशीन तीन मतांनी पडली.
मशीनवाली रेवती लांजेवार, आमची शेजारीण,
कुंपणावर ओले कपडे टाकता टाकता म्हणाली,
"तुमचं तं पोचलं असंन नं, ताई?"
मी काय बोलले आठवत नाही.
त्या चारांत कोण, हे कोणी सांगत नाही.
मतदान गुप्त असतं,
ज्यानं केलं त्याच्यापासूनसुद्धा.

रात्री ठवकरांना फोन लावला.
डॉक्टर, सहीखाली शिक्का मारला होता का हो?
बराच वेळ नुसता गोठ्याचा आवाज.
"शिक्का... मारला असंन. बॅग तं जवळच होती.
पन मॅडम, ते म्हैस त्याच रात्री व्याली.
वगार हाय. मस्त हाय.
बिल्ला तीन महिन्यांनी मारू.
तोवर कोनाच्याच यादीत नाही ते."