माग थांबला की

गोळीबार चौकाच्या मागं, पाचपावलीच्या अंगानं,
आमच्या घरात चार माणसं आणि एक माग.
माग सगळ्यांत मोठा.

खड्ड्यात पाय सोडून बाबा बसायचे.
खट-खटाक, खट-खटाक,
त्या आवाजात मी झोपले, त्यातच पाढे पाठ केले,
सातवीच्या पेपरातही तो कानात होता.
आवाज चालू म्हणजे सगळं बरं.

आवाज थांबला की
मायचा हात तव्यावर तसाच, पोळी करपेपर्यंत.
धाकटा हेमराज खाटेखाली.
आणि मी मोजायचे.
सातच्या आत सुरू झाला तर नुसती तार तुटली.
सातच्या पुढं गेला तर
शेठनं पातळ नापास केलंय, किंवा मजुरी कापलीय,
किंवा काहीच नाही, उन्हाळा आहे, सत्तेचाळीस अंश,
आणि माणसाला राग ठेवायला
घरात दुसरी जागा नाही.

माझी बोटं बारीक. तुटलेली तार मीच सांधायची,
गाठ दिसू न देता.
शेजारच्या गिरजाबाई म्हणायच्या,
"मोठी समजदार आहे जी पोट्टी. घरात आहे का नाही, समजत नाही."
माय हसायची.
कांड्या भरताना मी ते वाक्य
पुन्हा पुन्हा गुंडाळून घ्यायचे.
दुसरं बक्षीस कुठलं? तान्ह्या पोळ्याला
लाकडी बैल हेमराजचा,
बेगड चिकटवलेली मी.

माग विकला त्याला एकतीस वर्षं झाली.
बाबाही गेले. शेवटी फार मवाळ झाले होते, हेही सांगायला हवं.
माझ्या हातून संत्र्याची फोड खायचे.
एकदा म्हणाले, "तुले राग येत नाही काय कधी?"
मला प्रश्नच कळला नाही.

धंतोलीत डॉक्टरबाईंच्या खोलीत मी सांगितलं:
झोप येत नाही. कूलरचा प्लग तीनदा पाहते.
साहेबांनी फाइल जरा जोरात ठेवली की पोटात गोळा.
नवरा पेपर वाचत गप्प बसला की चहा टाकते,
मग दुसरा टाकते,
मग माफी मागते.
तो विचारतो, "कशाची?"
बाई म्हणाल्या, "हे केव्हापासून?"
मी म्हटलं, "नाही, माझे वडील चांगले होते."
त्यांनी वडलांचं विचारलंच नव्हतं.

यंदा मारबतीला मी इतवारीत जाऊन उभी राहिले.
काळी आली, पिवळी आली, मागं बडगे,
लोक घसा फाडून: घेऊन जा गे मारबत!
खोकला ने, डेंग्यू ने, महागाई ने, रस्त्यावरचे खड्डे ने.
सगळं शहर आपापलं दुखणं
नाव घेऊन वेशीबाहेर काढत होतं.
मीही तोंड उघडलं.
समजदारीला काय म्हणून हाक मारायची?
तेवढ्यात बाजूच्या बाईचा मला धक्का लागला.
मी म्हटलं, "सॉरी."

रात्री जेवताना गप्प होते. रागानं नव्हे,
नुसता विचार चालला होता.
पूर्वा उठली. माझं ताट उचललं,
न सांगता ओटा पुसला, टीव्ही बंद केला,
आणि दारात उभी राहून, अगदी हळू,
"आई, माझं काही चुकलं काय?"

नऊ वर्षांची आहे.
तिनं माग कधी पाहिलेला नाही.

मी टेबलावर बोटं आपटायला लागले,
खट-खटाक, खट-
ताल चुकत होता, बाबांचा हात माझ्यात नाही.
"हे काय करून राहिलीस?"
"काही नाही. आवाज चालू आहे. तू जा, खेळ."

ती गेली नाही.
चौकटीला टेकून माझ्या बोटांकडे बघत राहिली.
बोटं थकली, थांबली,
तेव्हा तिचे ओठ हलताना दिसले.
मोजत असावी.