पाण्याच्या आठ पाळ्या

उपवासकाळ चाळीस दिवसांचा.
आमच्या गल्लीत नळाला चार दिवसाआड पाणी येतं,
म्हणजे पाण्याच्या आठ पाळ्या.
रविवार त्यात धरत नाहीत, असं पाळकसाहेब सांगतात.
नळाला ते माहीत नाही.

राखेच्या बुधवारी कपाळ पुसायच्या आधीच
मी हार्मोनियमवर चादर टाकली,
आमच्याच कारखान्यातली, मोराची,
एका कडेला वीण चुकली म्हणून घरी राहिलेली.
मटण सोडायला आता काही लागत नाही, दात नाहीत.
चहा डॉक्टरांनी सोडवला.
म्हणून या वर्षी मी गीतं सोडली.

मार्था गेल्यापासून फार सोपी झाली होती ती.
पहिल्या ओळीला डोळे भरायचे,
दुसरीला रुमाल,
आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत मला वाटायचं
मी देवाशी बोललो.

केझायानं पुण्याहून फोनमध्ये भरून दिलंय काहीतरी.
"पप्पा, हे ऐका. यात रडायला जागा नाही."
पियानो आहे म्हणे. एक सूर.
मग इतका वेळ काहीच नाही
की मी फोन उलटून पाहिला.
मग दुसरा सूर, पहिल्याशी न बोलता,
दवाखान्याच्या बाकावर
अनोळखी माणूस येऊन बसावा तसा.

चौतीस वर्षं मी पॉवरलूमवर जॉबर.
वरचे सूर कारखान्यातच राहिले माझे,
ग्रॅच्युइटीसारखे, अजून मिळायचेत.
त्यामुळे एका तुकड्यात व्हायोलिन
चढत चढत नाहीसं होतं तेव्हा
ते संपतं की माझा कान संपतो
मला कळत नाही.
केझायाला विचारलं. म्हणाली, तिलाही नाही कळत.
बरं वाटलं.

तिसऱ्या पाळीपर्यंत यातलं काही आवडलं नाही.
चौथीला पारा बेचाळीसवर.
संध्याकाळी पत्रा निवताना टक् टक् वाजतो ना,
ते मी त्या संगीतातलंच समजलो,
आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी लावलं
तर ते नव्हतं
म्हणून चुकल्यासारखं झालं.

शेजारची नरसम्मा दारात सूप घेऊन बसते.
हजार विड्या होईस्तोवर उठत नाही.
पहिल्या आठवड्यात ओरडली,
"काय ओ भाऊ, रेडू बिघडला काय तुमचा?"
दुसऱ्या आठवड्यात,
"कोण मेलंय काय त्यांच्यात?"
मग काही बोलली नाही.
पान कातरायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायची.

काल चार तंतुवाद्यांचं लागलं होतं.
मध्येच सगळं थांबलं. लांब थांबलं.
मी बंद करायला हात पुढं केला
तशी खाली मान घालूनच म्हणाली,
"थांबा की. दोरा तुटलाय त्याचा.
गाठ मारायलाय."

तिचा नवरा हातमागावर होता.
मला तुटलेला दोरा म्हणजे
थांबलेला माग, बुडालेले मीटर, मालकाची शिवी.
त्या थांबण्यात कुणीतरी वाकून
दोन टोकं शोधतंय,
बोटाला थुंकी लावतंय,
हे कधी बघितलंच नव्हतं मी.
आणि माझं कामच ते होतं.

सूर आला.
आधीचाच की नवा, सांगता येणार नाही.
मी मोराच्या पाठीवरून हात फिरवला.

उद्या पहाटे तीनला सहावी पाळी.
पिंप धुऊन उपडं घातलंय.
गीतं अजून पंधरा दिवस बंद.
नरसम्मा विचारत होती,
उद्या तेच लावणार काय,
का दुसरं, आणखी कमी वाजणारं.