गहाणे, मुक्काम जालना

शाळेत मास्तर हजेरी घेताना थांबायचे:
"गहाणे. काय ठेवलं गं गहाण?"
वर्ग हसायचा. मी पाटीकडे बघायचे.
बाप म्हणायचा, आडनाव आहे, सावकारी नव्हे.
एवढंच म्हणायचा.

आता नर्सची नोकरी संपली,
गुडघे संपत आले,
तेव्हा पाळकबाईंनी कपाटातलं जुनं रजिस्टर काढून दिलं.
फडक्यात बांधलेलं. उघडलं की शिंका.

बाप्तिस्मा, अठराशे त्रेपन्न, जालना छावणी.
मुलगा: जॉन.
बाप: लॉरेन्स गॅहन, तोपची,
मुलूख आयर्लंड, परगणा वेक्सफर्ड.
आई: नेटिव्ह बाई.
पुढे एक आडवी रेघ, पट्टीनं मारलेली.

लॉरेन्सचं मग सगळंच सापडत गेलं.
भाचीचा पोरगा लंडनच्या दप्तराचे फोटो
मोबाईलवर धाडत राहिला:
उंची पाच फूट साडेपाच, डोळे करडे,
पूर्वीचा धंदा विणकर,
डाव्या कानानं बहिरा
(माझ्या बापाचाही तोच कान,
पण त्यानं तोफ कुठं पाहिली होती?)
दंड किती, बुटाचे जोड किती,
दारू पिऊन कितीदा कोठडीत.
सरकारनं त्याचे दातसुद्धा मोजले होते.
अठराशे एकोणसाठ: नाव कमी केलं, मद्रासहून जहाज.
जहाजाचंही नाव आहे.
बायकामुलांच्या रकान्यात शून्य.

तर मास्तर, उशिरा का होईना, उत्तर हे:
एक माणूस आमच्याकडं नाव गहाण ठेवून गेला,
सोडवायला आला नाही.
व्याज आम्ही आहोत.

तहसीलच्या अभिलेख कक्षात हल्ली जत्रा.
ज्याला त्याला पणजोबा पाहिजे, शिक्क्यानिशी,
पोराच्या अॅडमिशनच्या आत.
बाकावर शेजारी बदनापूरचे एक जण,
तिसरा दिवस, डब्यात भाकरी-ठेचा.
"तुमची कुणाची नोंद, ताई?"
बाईची, म्हटलं.
"कोणत्या दाखल्याला?"
कोणत्याच नाही.
त्यांनी काही न बोलता अर्धी भाकरी पुढं केली.

उर्दू वाचायला कादराबादचे मोईनुद्दीन चाचा.
त्यांचं बोट उजवीकडून निघतं,
माझी नजर डावीकडून,
मधे कुठंतरी आमची गाठ पडते.
"गाफ, हे, नून.
गहन म्हणा, गाहन म्हणा, गेहन म्हणा,
जेर-जबर कोण लिहितो, बाई."
मग थांबले. चष्मा सदऱ्याला पुसला.
"मुसम्मात ठक... जौजे गहन तोपची.
कुंडलिकेच्या काठाला नऊ हात जागा,
बकऱ्यांचं एक छप्पर.
दोन आणे. भरले."

पुढचं पान: भरले.
त्याच्या पुढचं: भरले.
जहाज गेल्यावरची अकरा वर्षं.

नकलेच्या अर्जात रकाना होता, अर्जदाराचे नाते.
खापरपणजी हा शब्द त्यात मावेना.
'पणजी' रेघेबाहेर गेली, कारकुनानं वर पाहिलं,
आणि वीस रुपयांची पावती फाडली.

ठकू का ठकी, चाचा?
"शेवटचं अक्षर वाळवीनं खाल्लं.
तुमाला पाहिजे ते लिहा."

राहू द्या.
हाक मारायला दोन्ही चालतात.