पाने

मेहुणा म्हणाला, तुला कॅम्पातली गल्ली न् गल्ली ठाऊक,
बाईला तेवढं कबरस्तान दाखवून आण.
इटलीची बाई. हातात कागद,
कागदावर तिच्या चुलत आजोबांचं नाव
आणि पेन्सिलीनं ‘देवळाली’, स्पेलिंग चुकलेलं.

लाम रोडनं गेलो. गेटला कुलूप, चावी पास्कलकडे,
पास्कल बाजारात.
मग बाभळीखालच्या मोडक्या भिंतीवरून आत उतरलो.
साठीच्या बाईनं सरळ उडी मारली,
मीच अडखळलो.

कोपऱ्यात कैद्यांनी स्वतः ओतलेला सिमेंटचा चौथरा.
अकरा नावं, ओल्या सिमेंटात खिळ्यानं काढलेली.
तिनं बोट फिरवलं, सातव्यावर थांबलं.
रडली वगैरे नाही. गवत उपटू लागली.
मीही बसलो उपटायला.
काँग्रेस गवतानं हाताला खाज सुटते
हे तिला कसं सांगावं कळेना.

तेवढ्यात रेंजवर तोफ उडाली.
तिनं माझा दंड धरला.
“प्रॅक्टिस,” मी म्हणालो. “रोजचंच.”

मग तिनं विचारलं, तिचंही इंग्रजी माझ्याइतकंच :
तुमचं कुणी होतं, त्या लढाईत?

होतं म्हणावं तर होतं.
आमचा आजा रंभाजी, याच कॅम्पात,
तारेच्या अलीकडे बंदूक घेऊन उभा.
त्यानं कधी काही सांगितलं नाही.
फक्त शेवटच्या तापात आठ दिवस
एकच धोशा : पाने, पाने.
आई भगूरच्या बाजारातून विड्याची पानं आणायची,
चुना लावून, कात घालून उशाशी ठेवायची.
तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.
पानं सुकली. तो गेला.
तेराव्याला आठवणीनं विडा ठेवला आम्ही.

एवढं कुठून सांगणार.
म्हटलं, हो, एक होता. गार्ड.

ती गप्प.
पिशवीतून बेकरीचा पाव काढला, मोडला,
अर्धा चौथऱ्यावर ठेवला,
उरलेला माझ्यापुढे धरला.
“पाने,” ती म्हणाली.

मुंग्या लगेच आल्या.
पाव माझ्या हातात. खाववेना, टाकवेना.
आजानं तारेतून दिला असेल का कुणाला?
दिला असता तर
शब्द इतकी वर्षं घशात राहिला असता?

परतताना ती विचारत होती,
पावसाळ्यात इथं पाणी साचतं का.
मी म्हणालो, नाही, उतार आहे.

उतार नाहीये.