अडीच मीटर

पहिल्याच तासाला बाई म्हणाल्या,
‘उदास’ हा शब्द वहीत चालणार नाही.
लिहा : कान मागे. पापणी अर्धी. भार मागच्या पायांवर.
दर दहा सेकंदांनी एक खूण,
आणि आपापली माया वर्गाबाहेर, ओल्या छत्र्यांशेजारी ठेवून या.

वाल्दिवियातल्या त्या वर्गात
हीटरला पाठ लावून कुणीतरी भटकं कुत्रं झोपलेलं असे,
हजेरीपटात नाव नसलेलं, आणि सगळ्यांत नियमित.
ओयार्सून बाई त्याला ओलांडून फळ्याकडे जात.

मी शिकले :
कुत्रं शेपूट घालतं
तेव्हा ते काहीतरी मागत असतं, बहुधा थोडं अंतर.
शेपूट उंच, ताठ, थरथरती असेल
तर हात मागे घ्यावा.
मांजर डोळे मिटतं, जवळपास दूध नसलं तरी.
तीन सेकंद कुरवाळायचं, थांबायचं,
विचारायचं, पुढे?
उत्तर येतं. मुकी म्हणणारे
थांबलेले नसतात, इतकंच.

परीक्षेत प्रश्न होता :
कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याच्या कल्याणाचं मूल्यमापन करा. गुण वीस.
मला अठरा पडले.
दोन कुठे गेले ते जुलैच्या सुट्टीत कळलं.

घरी, पांगीपुयीच्या वरच्या अंगाला,
पिराता साखळीला होता. अकरा वर्षं.
डोळ्यावर काळा डाग, म्हणून नाव मीच ठेवलेलं.
शाळेतून आले की तो गोल गोल पळायचा
आणि मी टाळ्या वाजवायचे.
नाचतोय, म्हणायचे. पाहुण्यांना बोलावून दाखवायचे.

या खेपेला टेप धरून मोजलं.
खुंट्यापासून अडीच मीटर.
तेवढ्यात गवताचं एक पातं नाही,
कडेनं पंजांनी पडलेली चर, घोट्याइतकी खोल.
वहीत लिहिलं : एकच फेरी, डावीकडून, मिनिटाला पाच.
‘नाचतोय’ हाही शब्द चालणार नव्हता.

बाबांना सांगायचं होतं.
माझी फी त्यांच्या ट्रकमधून उतरते, ओंडक्यामागून ओंडका.
पुस्तकातलं सगळं ओठांवर आलं
आणि तोंडातून निघालं एवढंच : कडी काढू?
ते मातेचा घोट घेत राहिले.
‘एर्नानांची कोकरं मारील.’
नळीतून हवा वाजेपर्यंत काहीच नाही.
मग, ‘कुंपण घालावं लागेल. काढ.’

काढली.
पिराता निघाला, चरीपर्यंत आला,
आणि डावीकडे वळला.
फेरी पुरी केली. दुसरी सुरू केली.
साखळी माझ्या हातात,
गार, वाटली होती त्यापेक्षा जड,
आणि तो तिच्याच मापानं चालत होता.
त्या दिवशी मी वही उघडली नाही.

कुंपणाला तीन दिवस लागले.
चौथ्या संध्याकाळी बाबा खुर्ची घेऊन
चरीच्या आत बसले, हातात भाजलेल्या माशाचं कातडं.
पाचव्या दिवशी खुर्ची चरीवर.
सहाव्या दिवशी वीतभर पलीकडे.
बोलावत नव्हते, बघतही नव्हते,
ज्वालामुखीकडे तोंड, टोपी खाली ओढलेली,
एक हात मात्र बाजूला लोंबता.
या रीतीला नाव आहे. तिसरं सत्र, सातवं प्रकरण.
मला ते शिकायला नकाशे, आलेख, एक अख्खा हिवाळा लागला होता.
मी त्यांना नाव सांगितलं नाही.

अकरावा दिवस. चार वाजून वीस मिनिटं.
उजवा पुढचा पंजा गवतावर.
कान पुढे. शेपूट मध्यावर, सैल.
पंजा मागे.
पुन्हा गवतावर.
बाबा : मान वळलेली नाही. छातीची हालचाल नाही, सहा सेकंद.
मग कातडं खाली पडलं.
निसटलं की सोडलं,
तशी नोंद नाही.