आई आलं

पहाटे पावणेचारला उठते.
शिस्त वगैरे काही नाही,
साडेपाचला माग चालू होतात
आणि मग आमच्या बोळात
स्वतःचं वाक्य स्वतःला ऐकू येत नाही.

लिहिते चलन बुकात, टॉवेलच्या कारखान्यातून
मागून आणलेल्या.
नग, दर, रक्कम असे छापील रकाने.
माझी नायिका कायम 'दर'मध्ये रडते.
कार्बन काढायचा विसरला
तर खाली तीच गोष्ट फिकी उमटते
आणि फिकीच जरा बरी वाटते.

बारा वर्षांत अकरा कथा.

हत्तुरे सरांनी तपासल्या, पानाला आठ रुपये.
माणूस निवृत्त, लाल पेन नाही.
'पाणि' खोडलं, 'आणी' खोडलं.
"दोघांच्या वेलांट्या अदलाबदल झाल्यात बघ,
लग्नात चपला होतात तशा."
मग 'आई आलं'वर पेन थांबलं.
"अगं, कर्ता कोण? आई.
क्रियापदानं कर्त्याच्या मागून चालायला नको?"
असे लाल गोल एकशे चौदा.

काय सांगणार. आम्ही घरात तेलुगू.
आई आली की वच्चिंदी,
लाईट आली की वच्चिंदी,
बस, पाळी, मांजर, बँकेची नोटीस,
सगळ्यांना एकच दार.
वेगळा पाट फक्त बाप्यांना.
बाई आणि वस्तू आमच्यात एका ताटात जेवतात.
मराठीनं मला 'ती' दिली.
सातवीपर्यंत मी ती घडी मोडली नाही.
मोडली तेव्हा
नव्या साडीत अडखळतात तशी
प्रत्येक वाक्यात अडखळले.

एकशे तेरा दुरुस्त केले.

पुस्तक निघालं. तीनशे प्रती खाटेखाली,
चादरीत गुंडाळून, वाळवीच्या भीतीनं.
भाचा पुरुषोत्तम म्हणाला, "पिन्नी, नुसता माल चांगला असून
भागत नाही बे आजकाल. रोज स्टेटस टाक."
'अवश्य वाचा' टाकलं.
'अवश्य'मधला श पोटफोड्या तर नाही ना,
म्हणून तीनदा काढलं, तीनदा टाकलं.
एकवीस जणांनी पाहिलं.
एकानं हात जोडले, तो बचत गटाचा वसुलीवाला.

जकार्डची जुनी भोकाभोकांची कार्डं कापून
खुणेच्या पट्ट्या केल्या, प्रत्येक प्रतीत एक.
नवी पेठेतला दुकानदार महिन्यानं म्हणाला,
"पट्ट्या संपल्या की ओ बाई. अजून द्या.
पुस्तकं आहेत."

हप्त्याच्या दिवशी विडीच्या ब्रँचमध्ये गेले,
पिशवीत वीस प्रती.
बायका पानं कापत होत्या, कात्र्यांचा आवाज
एका लयीत, आणि तंबाखूनं माझा घसा धरलेला.
शेवटची कथा वाचली.
'अंधार पडल्यावर आई आलं. सूप टेकवलं.
बोटं पाण्यात घातली आणि कुणाशी बोललं नाही.'
कुणाची मान हलली नाही.
फक्त गड्डम शांतम्माचा दोरा
विडीच्या गळ्याशी थांबला.
"ते परत वाच."
वाचलं.
"हं. असंच येतंय ते."
आणि दोरा पुढे.

तिला वाचता येत नाही. एक प्रत घेतली, नातीला.
वीस रुपये कमी कर म्हणाली. केले.

एकसष्ट खपल्या. फुकट वाटलेल्या धरून.

परवा कन्ना चौकात सर भेटले,
शेंगाचटणीची पुडी एका हातात,
दुसऱ्या हातात माझं पुस्तक, विकत घेतलेलं.
"पान सत्त्याऐंशी. एक राहिलंय तुझं."
"राहू दिलं, सर."
सर उन्हात उभे. चष्मा काढला, पुसला,
परत घातला.
"चूक स्त्रीलिंगी. राहू दिली म्हण."

मी आठ रुपये काढले.
त्यांनी घेतले.